आयरिसचा कंद, त्याचा जागाबदल आणि नावाची पाटी

माझा आवाज आणि मागे लावलेली चित्रं सगळ्यांपर्यंत पोचतायत ना? छान. मग सुरुवात करू या.

या मालिकेत बागेवरची व्याख्यानं आधीही झाली आहेत. गुलाब झाले, गच्चीवरची भाजी झाली, शेवंती झाली. आज मी ज्या फुलाबद्दल बोलणार आहे त्याला मराठीत रुळलेलं नावच नाही. आयरिस. ग्रीक पुराणातल्या इंद्रधनुष्याच्या देवतेचं हे नाव. डोळ्याच्या रंगीत पडद्यालाही डॉक्टर मंडळी आयरिस म्हणतात ते त्यावरूनच. आपण त्याला बुबुळ म्हणतो, पण फुलाला बुबुळ कोण म्हणणार! तेव्हा आयरिसच म्हणू या.

मी मूळची साताऱ्याकडची. नोकरीमुळे दिल्लीत आले आणि इथलीच झाले. निवृत्तीनंतर आम्ही सोहन्याजवळच्या एका गावात थोडी जमीन घेतली. अरवलीचा पायथा, बोअरचं जड पाणी, जानेवारीत पहाटे तीन-चार अंश आणि मे-जूनमध्ये दुपारी पंचेचाळीस. अशा ठिकाणी आयरिस लावायचं म्हटलं की आमच्या बागेत काम करणारे ताऊ हसतात. हरियाणात वडिलांच्या मोठ्या भावाला ताऊ म्हणतात, आणि गावात वयस्कर माणसाला सगळेच ताऊ म्हणतात, तसे ते आमचेही ताऊ. त्यांचं म्हणणं, "बहनजी, गेंदा लगा लो, आपको भी आराम, मुझे भी आराम." झेंडू लावा, दोघांनाही सुख!

आज मी तीन गोष्टी सांगणार आहे. दिल्लीच्या हवेत कोणता आयरिस येतो, तो हलवायचा कसा, आणि त्याचं नाव टिकवायचं कसं. तिसरी गोष्ट सगळ्यांत कंटाळवाणी वाटते, पण माझ्या मते तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे. का, ते पुढे येईलच.

कोणता आयरिस?

आयरिसच्या जगभर सुमारे ३०० जाती आहेत. बागवाल्याच्या दृष्टीने त्यांचे दोन ढोबळ गट. एक कांद्यासारखा गोल कंद असलेल्यांचा, आणि दुसरा आल्या-हळदीसारखा आडवा पसरणारा कंद असलेल्यांचा. शाळेत आपण त्याला मूलक्षोड म्हणायला शिकलो होतो.

पहिल्या गटातला आपल्या ओळखीचा म्हणजे डच आयरिस. फुलवाल्याच्या दुकानात निळी-पिवळी उभी फुलं दिसतात ती हीच. दिल्लीत हे कंद ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत लावायचे, साधारण चार बोटं खोल. फेब्रुवारी-मार्चमध्ये फूल येतं. पण मार्चनंतर ऊन एवढ्या झपाट्याने वाढतं की पानं वाळायच्या आत कंदाला पुढच्या वर्षाची शिदोरी साठवता येत नाही. म्हणून मी त्याला एका हंगामाचा पाहुणा समजते. पुढच्या वर्षी आला तर आनंद, नाही आला तर तक्रार नाही.

दुसऱ्या गटातला राजा म्हणजे दाढीवाला आयरिस. खालच्या पाकळीवर सुरवंटासारखी केसाळ रेघ असते, म्हणून दाढीवाला. याला हिवाळ्याची थंडी लागते. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या डोंगरात तो सुखात असतो. काश्मीरमध्ये कबरींवर आयरिस लावायची जुनी रीत आहे. तिथल्या कबरस्तानांत वसंतात पांढऱ्या-जांभळ्या फुलांचे ताटवे दिसतात. दिल्लीची थंडी त्याला जेमतेम पुरते. काही जुने, चिवट वाण दर वर्षी फुलतात, काही एक वर्षाआड, आणि काही नुसती पानं दाखवतात. पुण्या-साताऱ्याकडच्या श्रोत्यांनी त्याच्या फुलांची आशा धरू नये. पानं येतील, दिसतील छान, पण फूल क्वचितच.

आता उन्हाळा-पावसाळा सोसणारे. तळ्याकाठी, ओल्या जागी पिवळा आयरिस येतो, पण तो पसरतो, उत्तर अमेरिकेत तो उपद्रवी ठरला आहे. तेव्हा त्याला टाकीत किंवा बंद हौदात ठेवा, ओढ्याकाठी सोडू नका. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या दलदलीतून आलेले लुइझियाना आयरिस उकाडा चांगला सोसतात.

आणि दिल्लीच्या रोपवाटिकांत 'आयरिस' म्हणून सर्रास मिळतं ते बहुतेक वेळा आयरिस नसतंच. सोसायट्यांच्या फाटकाशी, रस्त्याच्या दुभाजकात तलवारीसारख्या पानांचे झुबके असतात, त्यावर पांढरी फुलं, मध्ये पिवळा आणि जांभळा ठिपका. ती दक्षिण आफ्रिकेतली डाएटिस. आयरिसच्याच कुळातली, पण चुलत बहीण. झाड उत्तम आहे, हाल सोसणारं आहे. पण ते आयरिस समजून आणलं आणि फूल सुकल्यावर दांडा छाटला, तर नुकसान होतं. डाएटिसच्या पुष्कळ झाडांत त्याच दांड्यावर पुन्हा फुलं येतात. पाटीवर एक शब्द चुकला की निगाही चुकते, ती अशी.

एकाच झाडाची दोन नावं

पाट्या फक्त रोपवाटिकेत चुकतात असं नाही. थोरामोठ्यांचंही होतं. आपल्याकडे पावसाळ्यात फुलणारं एक झाड आहे. केशरी फूल, त्यावर लाल ठिपके, आणि फळ फुटलं की आत काळ्या चकचकीत बिया, अगदी ब्लॅकबेरीसारख्या. हिमालयापासून चीन-जपानपर्यंत हे झाड आहे, आणि मैदानी भागातल्या बागांत ते मजेत वाढतं. लिनियसने १७५३ साली आपल्या प्रसिद्ध ग्रंथात या झाडाची नोंद केली, आणि एकाच ग्रंथात दोनदा केली! एका ठिकाणी त्याने त्याला ऑर्किडांमध्ये बसवलं, दुसऱ्या ठिकाणी इक्सिया या प्रजातीत. पुढे ते बेलमकँडा या नावाने ओळखलं जाऊ लागलं आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच चाललं. मग डीएनएच्या अभ्यासातून दिसलं की हा तर आयरिसच. २००५ मध्ये त्याचं नाव आयरिस डोमेस्टिका झालं. लिनियसने ऑर्किड समजून दिलेलं 'डोमेस्टिका' तेवढं अडीचशे वर्षांनी परत आलं.

यातून मी एक शिकले. पाटीवरचं नाव बदलू शकतं. म्हणून नवं नाव लिहिताना जुनं खोडायचं नाही. कंसात जुनंही राहू द्यायचं. पुढच्या माणसाला दोन्ही धागे मिळतात.

नावाचा घोटाळा आपल्या घरातही आहे. वेखंड सगळ्यांना ठाऊक आहे. बाळगुटीच्या सहाणेवर उगाळतात ते. वेखंडाची पानं आयरिसच्या पानांसारखीच दिसतात, कंदही आडवा. आयुर्वेदात वचेचा एक प्रकार हैमवती वचा म्हणून सांगितला आहे. ती नेमकी कुठली वनस्पती यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि पुढे आलेल्या नावांत आयरिसही आहे. पुष्करमूळ म्हणूनही काही ठिकाणी आयरिसचा कंद विकला गेला आहे. आयरिसचा कच्चा कंद पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात. म्हणून ज्यांच्या बागेत वेखंड आणि आयरिस दोन्ही आहेत त्यांना हात जोडून विनंती, शेजारी-शेजारी लावू नका आणि पाटीशिवाय तर मुळीच लावू नका. हिवाळ्यात पानं नसताना खणून काढलेला कंद कुणाचा, हे घाईत ओळखता येत नाही. वेखंडाला उग्र वास असतो, पण वासावर विसंबून बाळाला काही देऊ नये.

हलवायचं कसं

आता कामाचं. दाढीवाला आयरिस तीन-चार वर्षं एका जागी राहिला की मधले कंद म्हातारे होतात. नवे कोंब कडेने बाहेर सरकतात आणि मध्ये टक्कल पडतं. फुलं कमी होतात. तेव्हा विभागणी करायची.

थंड देशांतल्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की फुलं संपल्यावर उन्हाळ्यात विभागा. ते तिथे बरोबर आहे. दिल्लीत फुलं संपतात ती मार्च-एप्रिलात, आणि त्यानंतर येतो तो मे. उकरलेला कंद तव्यावर ठेवल्यासारखा भाजतो. मग २७ जूनच्या आसपास मान्सून येतो आणि ताजा कापलेला कंद पाण्यात बसून कुजतो. मान्सून दिल्लीतून २५ सप्टेंबरच्या आसपास माघार घेतो. त्यानंतरचा महिना आपला. नवरात्र ते दिवाळी हा काळ लक्षात ठेवा. माती अजून उबदार असते, रात्री गार होऊ लागतात, मुळं धरायला दोन महिने मिळतात.

रीत सोपी आहे. कुदळीने लांबून माती सैल करा आणि पूर्ण गड्डा उचला. माती झटका. धारदार चाकूने कडेचे तरणे तुकडे कापा. प्रत्येक तुकड्याला पानांचा एक पंखा आणि खाली थोडी मुळं हवीत. मऊ पडलेला, वास येणारा भाग निर्दयपणे टाकून द्या. चाकू प्रत्येक गड्ड्यानंतर पुसून घ्या, स्पिरिट असेल तर उत्तम. पानं वितीएवढी ठेवून छाटा, म्हणजे वाऱ्याने रोप डुलत नाही. कापलेल्या जागी बुरशीनाशकाची भुकटी किंवा चुलीतली राख लावा आणि सावलीत एक-दोन दिवस सुकू द्या.

लावताना मातीचा उंचवटा करा, आपण वरंबा करतो तसा. त्यावर कंद आडवा ठेवा, मुळं दोन्ही बाजूंनी खाली सोडा, आणि माती दाबा. कंदाची पाठ जवळजवळ उघडी राहायला हवी. आपल्याकडे उन्हाचा चटका आहे म्हणून मी वर बोटाच्या पेराएवढी वाळूमिश्रित माती टाकते. त्याहून खोल गाडलं तर पावसाळ्यात गेलाच समजा. दोन रोपांत हातभर अंतर ठेवा. एकदा पाणी द्या आणि मग माती सुकल्याशिवाय देऊ नका. आयरिस तहानेपेक्षा पाण्याने जास्त मरतात. आणि ताजं शेणखत कंदाला लागू देऊ नका, पूर्ण कुजलेलंच वापरा.

परदेशातल्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट. मुलांना भेटायला येताना बॅगेतून कंद आणू नका. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे रोपं, कंद आणायला आधी परवाना लागतो, तिकडच्या सरकारचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं आणि इथे तपासणी होते. मातीच्या कणाबरोबर कुठला रोग, कुठली कीड येईल सांगता येत नाही. आपल्या एका वाफ्याच्या हौसेची किंमत शेतकऱ्याने मोजावी, हे बरं नाही.

पुसाचं उदाहरण

आता नावाकडे येते. दिल्लीत राहणाऱ्यांना पुसा रोड, पुसा इन्स्टिट्यूट माहीत आहे. पण पुसा हे दिल्लीतलं गावच नव्हे. ते बिहारमधलं गाव. तिथे १९०५ साली शेतकी संशोधन संस्था उभी राहिली. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपाने तिच्या इमारतीची दुर्दशा केली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीला हलली. झाडं, बियाणी, माणसं, कागद सगळं आलं, आणि बरोबर नावही आलं. म्हणून आजही आपण बाजारात पुसा रुबी टोमॅटो म्हणतो, पुसा सावनी भेंडी म्हणतो, पुसा बासमती म्हणतो. गव्हाच्या जुन्या वाणांमागे 'एनपी' असायचं, त्याचा अर्थ न्यू पुसा. उखडून शेकडो मैल नेलेल्या संस्थेने आपली पाटी हरवू दिली नाही.

याच संस्थेत डॉ. बी. पी. पाल होते. गव्हाचे मोठे संशोधक, १९६५ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक. गुलाब हा त्यांचा छंद. त्यांनी केलेल्या गुलाबांत 'दिल्ली प्रिन्सेस' आहे, 'डॉ. होमी भाभा' हा पांढरा गुलाब आहे. विचार करा, त्या पांढऱ्या गुलाबाची पाटी हरवली तर काय उरेल? एक पांढरा गुलाब उरेल. चांगला असेल, पण ज्या माणसाच्या आठवणीसाठी ते नाव दिलं तो त्यातून गेला.

पुसाच्याच परिसरात राष्ट्रीय वनस्पती जनुक संसाधन ब्युरो आहे, १९७६ पासून. तिथल्या जनुक पेढीत बियाणी उणे १८ अंशाला ठेवतात. तिथे येणाऱ्या प्रत्येक नमुन्याला क्रमांक मिळतो. देशातला असेल तर आयसी, परदेशातून आला असेल तर ईसी. कुठून आला, केव्हा आला, कुणी गोळा केला, हे त्या क्रमांकाला जोडलेलं असतं. ही माहिती नसेल तर गोठवलेलं बी हे नुसतं बी आहे, पुढच्या संशोधकाला त्याचा निम्मा उपयोगही नाही. आपल्या बागेला उणे १८ अंश परवडणार नाहीत, पण वही परवडते.

बादलीतल्या पाट्या

आमच्या ओळखीच्या एक बाई होत्या, म्हणजे आहेत, आता पुण्याला मुलाकडे असतात. इकडच्या मराठी मंडळीत सगळे त्यांना मावशीच म्हणतात. फरीदाबादच्या पुढे एका गावात त्यांची बाग होती. यजमान सैन्यात. जिथे बदली झाली तिथून मावशींनी काही ना काही आणलं, तीन वाफे भरून आयरिस. वय झालं, घर विकायचं ठरलं आणि त्यांनी आम्हा चौघींना सांगितलं, "तुम्ही वाटून न्या, पण नावासकट न्या."

त्याआधी त्याच अंगणात नातीचं लग्न झालं होतं. शामियानावाल्या पोरांना वाफ्यात टोचलेल्या पाट्या अडचणीच्या वाटल्या. त्यांनी मोठ्या सभ्यपणे सगळ्या उपटल्या, धुतल्या आणि एका बादलीत नीट रचून ठेवल्या. एकोणचाळीस पाट्या. एकही तुटली नव्हती! फक्त कुठली कुणाची हे सांगणारं कुणी नव्हतं.

मावशींना विचारलं तर त्यांना बऱ्याच आठवत होत्या. पण आठवण ही 'नळाजवळचा', 'लिंबाखालचा' अशी होती. आणि त्यांचा जीव एकाच झाडात अडकला होता. यजमानांनी श्रीनगरहून आणलेला पांढरा आयरिस. अडचण अशी, की देहरादूनच्या रोपवाटिकेतून घेतलेला आणखी एक पांढरा त्याच वाफ्यात होता. पानांवरून दोघांत फरक करणं कठीण. मावशी म्हणाल्या, "दोन्ही न्या गं, पण हे गेल्यावर तेवढंच त्यांच्या हातचं राहिलंय, ते कुठलं आहे ते कळायला हवं."

सुदैवाने मावशींची एक जुनी शाळकरी वही सापडली. त्यात दोन वाफ्यांचा नकाशा पेन्सिलीने काढलेला होता. लिंबाचं झाड मधल्या काळात तोडलं गेलं होतं, पण पाण्याचा नळ आणि भिंतीचा कोपरा होता. तिथून पावलं मोजत गेलो. श्रीनगरचा पांढरा नळापासून तिसरा. ऑक्टोबरात तो काढला, चार तुकडे केले, चौघींकडे एकेक गेला. पुढच्या मार्चनंतरच्या मार्चमध्ये माझ्याकडे फुलला. दोन्ही पांढरे शेजारी ठेवून बघितले तेव्हा दांड्याची उंची आणि फाटे वेगळे निघाले, म्हणजे ही दोन झाडं वेगळीच होती आणि वहीने दिलेलं उत्तर जमत होतं. फोटो पुण्याला पाठवला. मावशींचा फोन आला. म्हणाल्या, "हाच. याची मान अशीच वाकडी असते."

तिसऱ्या वाफ्याचा नकाशा नव्हता. त्यातल्या झाडांची नावं आम्ही दोन वर्षं फुलं बघून, जुने फोटो ताडून शोधली. सात झाडं अजून बिननावाची आहेत. बादलीत त्यांची नावं आहेत, वाफ्यात झाडं आहेत, पण जोडी लागत नाही. आयरिसवाल्या मंडळींत अशा झाडाला नो-आयडी म्हणतात. आम्ही त्यांना क्रमांक दिलेत. अंदाजाने बादलीतली एखादी पाटी टोचून मोकळं होणं सोपं होतं. आम्ही ते केलं नाही, कारण चुकीचं नाव हे नाव नसण्यापेक्षा वाईट. बिननावाच्या झाडाचा शोध कुणी तरी घेतं, चुकीच्या नावाच्या झाडाचा कुणीच घेत नाही.

नाव चार ठिकाणी

त्यानंतर आम्ही चौघींनी एक नियम केला. नाव चार ठिकाणी असलं पाहिजे.

पहिलं, झाडाजवळची पाटी. दिल्लीच्या उन्हात मार्करची शाई दोन उन्हाळ्यांत उडते, 'कायमची' असं लिहिलेलं असलं तरी. प्लास्टिकच्या पट्ट्या ठिसूळ होऊन तुटतात. मला सगळ्यांत टिकाऊ वाटली ती ॲल्युमिनियमची पातळ पट्टी. शीतपेयाच्या रिकाम्या डब्याचीही चालते, कडा मात्र दुमडा, हात कापतो. शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून लिहायचं. अक्षर उमटतं, शाईचा प्रश्नच नाही. प्लास्टिकवर लिहायचं असेल तर साधी मऊ शिसपेन्सिल मार्करपेक्षा जास्त टिकते.

दुसरं, जमिनीतली पाटी. तशीच दुसरी पट्टी गड्ड्याच्या उत्तरेला वीतभर खोल पुरायची. नेहमी उत्तरेलाच, म्हणजे शोधायचं कुठे ते ठरलेलं. आमच्याकडे मोर पाट्या उपटतात, चमकतात म्हणून. नीलगाय आयरिसला तोंड लावत नाही, पण पाटीवर पाय देते. माकडांबद्दल तर बोलायलाच नको. पुरलेली पाटी यांच्यापैकी कुणालाच सापडत नाही.

तिसरं, वहीतला नकाशा. खुणा अशा घ्या ज्या हलत नाहीत. भिंतीचा कोपरा, विहिरीचा कठडा, नळ. झाडावरून अंतर मोजू नका, झाड जातं. दर वर्षी लागवडीनंतर तारीख घालून नवा नकाशा काढा आणि जुना ठेवून द्या.

चौथं, दुसऱ्याची बाग. प्रत्येक वाणाचा एक तुकडा नावासह कुणाला तरी द्या. आमच्या चौघींपैकी एकीचा वाफा मागच्या पावसाळ्यात पूर्ण कुजला. तिचं काहीच गेलं नाही, कारण सगळं दुसऱ्या तिघींकडे होतं.

पाटीवर काय लिहायचं? वाणाचं नाव, कुणाकडून आलं, कुठून आलं, कुठल्या वर्षी. चार गोष्टी. खात्री नसेल तर प्रश्नचिन्ह घाला, त्यात कमीपणा नाही. बिननावाच्या झाडाला मनाने गोंडस नाव देऊ नका. आयरिसच्या वाणांची अधिकृत नोंद होते. १९२० मध्ये स्थापन झालेली अमेरिकन आयरिस सोसायटी गोल कंदवाले सोडून बाकी आयरिसची जगभरची नोंद ठेवते. तुम्ही दिलेलं नाव आधीच कुणाचं तरी असू शकतं.

आणखी दोन सवयी. हलवताना एका वेळी एकच वाण उकरा. तो कापून, पिशवीत घालून, पिशवीच्या आत आणि बाहेर चिठ्ठी लावून झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. पिशवी कागदाची किंवा कापडाची. पानावर मार्करने क्रमांक लिहिला तर आणखी चांगलं, तो आठवडाभर टिकतो आणि तेवढाच हवा असतो. दुसरं, बियांची बोंडं वेळीच खुडा. बी तिथेच पडलं तर त्यातून येणारं रोप आईसारखं नसतं. ते गड्ड्यात मिसळून वाढतं, जोमदार असलं तर मूळ वाणाला दाबून टाकतं, आणि पाटी मात्र आईचीच राहते. पाच वर्षांनी पाटी खोटं बोलू लागते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

एनसीआरमध्ये हे सगळं जास्त गरजेचं आहे. इथे माणसं बदलीवर येतात आणि बदलीवर जातात. गावं बघता बघता सेक्टर होतात. आज जिथे माझा वाफा आहे तिथून रस्ता जाणार असं गेली तीन वर्षं ऐकते आहे. जाईलही. कंद उचलून नेता येतो, ती आयरिसची मोठीच सोय आहे. त्याच्याबरोबर त्याचं नाव उचलायची सोय आपण आधी करून ठेवायची असते.

ताऊंचंही सांगते. त्यांना लिहिता-वाचता कमी येतं. म्हणून आता प्रत्येक पाटीवर क्रमांक मोठा असतो आणि नाव लहान. वही दोन आहेत, एक माझी मराठीत, एक त्यांच्या नातवाने हिंदीत उतरवलेली. त्यात ताऊंनी स्वतःची नावंही घालून घेतली आहेत. मावशींच्या पांढऱ्याचं नाव त्यांनी 'फौजी' ठेवलंय. अधिकृत नाही, पण वहीत नोंद आहे, कुणी ठेवलं आणि का, हेही लिहिलं आहे. माझी हरकत नाही.

तर मंडळी, आता तुमच्याकडे नवरात्रापर्यंत वेळ आहे. एवढंच करा. बागेत, गच्चीत, कुंड्यांत फिरा आणि ज्या झाडाचं नाव फक्त तुम्हालाच माहीत आहे त्या प्रत्येकाचं नाव आज वहीत लिहा. आयरिस असायलाच हवा असं नाही. आईने दिलेली जाई असेल, माहेरचा सोनचाफा असेल. कुणी दिलं, कधी दिलं, दोन ओळी पुरे.

प्रश्न असतील तर विचारा, मी थांबले आहे.